सी मधनं जाऊ का, बाई?

इरा, निनाद,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, की मी पाठवलेल्या तुमच्या लहानपणच्या फोटोंमध्ये ते हिरव्या शेताचं वेडंवाकडं चित्र कुठून आलं, आणि ते तुमच्यापैकी कुणी काढलं होतं का. तुम्ही तेव्हा धड पालथेही पडत नव्हता. ते चित्र साठी उलटलेल्या एका माणसानं काढलेलं आहे. मी सांगायला सुरुवात केली तोवर तुमच्या आईनं तुम्हाला जेवायला हाक मारली, आणि ते बरंच झालं, कारण तो माणूस फोनवर सांगून संपणारा नव्हता. माझे डोळे अजून ठीक आहेत, अक्षर ओळीत राहतं, आणि त्यांना ओळखणारं या कॉलनीत आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

परवानगी मागण्याच्या कामात या गृहस्थांचा हात धरील असा दुसरा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल. ते आमचे शेजारी. फलटणकडच्या एका उसाच्या गावचे, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले, आणि परतल्यावर गावात न राहता साताऱ्यात एकटेच येऊन राहिलेले. बायको आधीच गेली होती, मुली आपापल्या घरी. अख्खी कॉलनी त्यांना सुभेदारच म्हणायची, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत असे म्हणून ते मला बाई म्हणायचे. आमच्या कढीपत्त्याची एक फांदी भिंतीवरून त्यांच्या अंगणात गेली होती. फोडणीला चार पानं हवी असली की हा माणूस बाहेर पडून, रस्त्यानं वळसा घालून, आमच्या फाटकाची कडी वाजवून विचारायला यायचा. मी म्हणायची, "अहो सुभेदार, फांदी तुमच्याच दारात आहे, तोडा की." त्यावर ते म्हणायचे, "फांदी माझ्याकडं आलीया बाई, पर झाड तुमचं हाय." पानं तोडून झाल्यावर पुन्हा येऊन किती तोडली तेही सांगायचे. मी सांगलीच्या मोठ्या गजबजलेल्या घरात वाढले. तिथं शेजारचं पातेलं आपल्या चुलीवर आणि आपलं मूल शेजारच्या पानावर, असा कारभार. त्यामुळे सुरुवातीला मला हे सगळं कवायतीसारखं वाटायचं.

तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास, तुमचा बाबा अमेरिकेला निघाला. पुण्यातल्या खोलीतला त्याचा संगणक त्यानं साताऱ्याला आणून माझ्या पुढच्या खोलीत मांडला. खोकी स्टँडवर उतरवून घ्यायला सुभेदार गेले होते. मॉनिटरचं खोकं त्यांनी रिक्षात ठेवूच दिलं नाही. जखमी माणसाला आणावं तसं छातीशी धरून चढावरून चालत आणलं. सैन्यात शेवटी शेवटी संगणक आले होते म्हणे. "पर सायबाच्या खोलीत. आमाला दारातनं बगायची मुभा हुती." हे ऐकल्यावर तुमच्या बाबानं एका संध्याकाळी बसून त्या संगणकाचे आतून दोन भाग केले आणि जाहीर केलं, "आई, सी ड्राइव्ह तुझा. डी ड्राइव्ह काकांचा. कुणी कुणाच्या ड्राइव्हमध्ये लुडबुड करायची नाही." रोज सकाळी या घरात एक माणूस येऊन जावा, एवढाच त्याचा हेतू होता. तो त्यानं बोलून दाखवला नाही आणि मीही समजल्याचं दाखवलं नाही.

सुभेदारांनी मात्र ती घोषणा उभ्यानं ऐकली आणि चौकशी सुरू केली.

"वाटणी कुनी केली?"

"मीच केली, काका."

"सारखी हाय?"

"अगदी निम्मी निम्मी."

"मधी बांध घातलाय?"

"हो, तसंच समजा."

"त्यो सरकंल का?"

"नाही सरकत. सरकवायचाच म्हटला तर आतलं सगळं पुसून पहिल्यापासून मांडावं लागेल."

"मंग ब्येस," सुभेदार म्हणाले. "सरकनारा बांध लय वाईट."

पुढं तुमच्या बाबानं समजावलं, की डी मध्ये जायचं तरी संगणक सुरू होतो तो सी मधूनच. चालवणारी सगळी यंत्रणा सी मध्ये आहे. सुभेदारांच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजे माझी वाट बाईंच्या रानातनं जाती." तुमचा बाबा हसला आणि हो म्हणाला. सुभेदार हसले नाहीत. "मंग परवानगी लागनार," एवढंच म्हणाले.

आणि त्या दिवसापासून ती लागली. सकाळी दूध तापवून मी गॅस बंद केला की फाटकाची कडी वाजायची. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट. बूट दाराबाहेर भिंतीला समांतर काढून ठेवलेले. खुर्चीत ताठ बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि आत स्वयंपाकघराच्या दिशेनं खणखणीत आवाजात, "सी मधनं जाऊ का, बाई?" मी "जा" म्हटल्यावरच बटण दाबलं जायचं. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असले आणि ऐकू आलं नाही, तर तसेच बसून राहायचे. एकदा मी भाचीच्या लग्नाला सांगलीला गेले तेव्हा त्यांच्याकडे किल्ली दिली होती. परत आले तर संगणकावर धुळीचा कण नाही, पण डी मध्ये एका रेघेचीही भर नाही. रोज येत होते, पुसत होते, समोर बसत होते आणि कुलूप लावून जात होते. मी म्हटलं, "अहो, सुरू का नाही केला?" तर म्हणाले, "परवानगी कुनाला मागायची?"

माऊस त्यांनी औतासारखा धरला. टेबलाच्या कडेला आला की "हं, हं, वळ" असं पुटपुटत तो बैलजोडीसारखा फिरवायचे, मग उचलून नांगरटीच्या नव्या ओळीला, नवीन तासाला लावायचे. मी एकदा लिंबाच्या लोणच्याची कृती टाइप केली आणि ती चुकून डी मध्ये साठवली गेली. दुसऱ्या दिवशी सुभेदार खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. "बाई, तुमची एक वस्तू माझ्या हद्दीत आलीया. म्या हात लावला न्हाई. यिऊन घिऊन जावा." मी हात पुसत गेले आणि लोणचं आपल्या हद्दीत आणलं, तेव्हा कुठं ते पुन्हा बसले. पण त्यांना खरा धक्का बसला तो संगणकातल्या कचऱ्याच्या डब्याचा. त्यांनी स्वतःची एक फसलेली रेघोटी त्यात टाकली आणि उघडून पाहिलं, तर आत माझीही टाकलेली पत्रं! "बाई, रान येगळं, बांध येगळा, आन उकिरडा सामाईक?" त्यांचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. "आवं हसू नका," ते म्हणाले. "घरं फुटत्यात ती उकिरड्यावरनंच फुटत्यात." तुमच्या बाबाला पुढच्या फोनवर हे विचारून घ्यायचं त्यांनी मला दोनदा बजावलं.

हा माणूस डी मध्ये करायचा काय, तर ते एकच चित्र. अक्षरं त्यांना नको होती. चित्र काढायची सोय त्यांना सापडली आणि त्यांनी आपलं शेत काढायला घेतलं. उसाचं एकेक पान हिरव्या रेघेनं. विहीर, विहिरीवरचं जांभूळ, मोटेचं पाणी पडायचं त्या जुन्या थारोळ्याचे दगड. मधेच वीज गेली की सकाळभराचं सगळं गडप व्हायचं. मग हात गुडघ्यांवर ठेवून वीज यायची वाट पाहायचे, आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरू. चित्राच्या पलीकडच्या कडेला त्यांनी एक जाड काळी रेघ ओढली होती. त्या रेघेपलीकडे सगळं पांढरं. मी एकदा विचारलं, "तिकडे काय आहे, सुभेदार?"

"तिकडं काय न्हाई."

तिकडे धाकटा भाऊ होता. हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कधी वीज गेलेली असताना, कधी चहा निवत असताना. वाटणीत रस्त्याकडचं रान थोरल्याला, आतलं धाकट्याला. धाकट्याची वाट थोरल्याच्या रानातून. हे सीमेवर असताना धाकट्यानं दर वर्षी नांगरटीच्या वेळी बांध थोडा थोडा कोरला. निवृत्त होऊन आल्यावर यांनी तो पायानं मोजला आणि कुणाशी एक शब्द न बोलता वाटेवर बाभळीचे काटे टाकले. तेव्हापासून धाकट्याच्या उसाच्या गाड्या कॅनॉलच्या कडेनं मोठा वळसा घालून कारखान्याला जायच्या. यांनी रान वाटेकऱ्याला दिलं आणि साताऱ्याची वाट धरली. "इचारलं असतं तर हातभर काय, आक्खी पट्टी दिली असती," ते म्हणायचे. "इचारलं न्हाई त्यानं." परवानगीच्या त्या कवायतीचं हसूही मला त्यानंतर पूर्वीसारखं आलं नाही.

मग तुम्ही दोघं जन्मलात. बातमी ऐकून सुभेदारांनी बाहेर जाऊन पेढे आणले आणि म्हणाले, "एकाच येळी दोन! म्हंजे पाळन्यातच वाटनी आली की." तुमच्या बाबाचा एक मित्र पुण्याला येऊन जाऊन असायचा. त्याच्याबरोबर तुमचे फोटो फ्लॉपीवर यायचे. साताऱ्याच्या पावसात फ्लॉपीला बुरशी धरायची, म्हणून मी ते लगेच संगणकात उतरवून घ्यायची. असे येत गेले, येत गेले, आणि एका सकाळी संगणकानं सांगितलं की सी मध्ये आता जागा नाही.

मी शिस्तीची बाई. बसले आणि निवड करू लागले. पाठमोरा असेल तो काढायचा, एकसारखे दोन असतील तर एक काढायचा. सुभेदार मागं उभे राहून पाहत होते.

"ह्यो का टाकला?"

"हा हललाय. निनादचा चेहराच दिसत नाही."

"प्वार हाय. हलनारच की."

मी पुढचा काढला. तोही गेला. तेव्हा ते खाकरले. "बाई, सामाईक उकिरड्यातलं हाय. त्यो हललेला मी घिऊ का?" मी म्हटलं, घ्या. त्यांनी खुर्ची घेतली, माऊस वळवत वळवत तो फोटो डी मध्ये नेऊन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "समदीच टाका हिकडं. माझं रान पडच हाय. एक चित्तर तेवढं."

"नको सुभेदार. ती तुमची वाटणी आहे."

"आवं, काय बोलताय! पोरांना बसायला जागा मिळंना, आन मी पड ठिवून काय करू? मरताना बरूबर न्यायची हाय का जागा?"

मी म्हटलं, "हेच धाकट्याला सांगून बघा की."

त्यांनी माऊस टेबलावर ठेवला. उठले, बूट घातले, नाडी न बांधता फाटकाबाहेर गेले. संगणक तसाच सुरू ठेवून गेले, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. मी तो रीतसर बंद केला.

पुढचे काही दिवस कडी वाजली नाही. भिंतीपलीकडे त्यांचा रेडिओ लागलेला ऐकू यायचा, म्हणून घरात आहेत एवढं कळायचं. मग एका सकाळी आले ते दारातच उभे राहिले, खांद्याला सैन्यातली जुनी पिशवी. "फलटनला जाऊन येतो, बाई. पोरांना माझ्या हद्दीत ठिवा. आन परवानगी इचारत बसू नका." त्या दुपारी मी तुमचे सगळे फोटो डी मध्ये नेले. काळ्या रेघेच्या त्या चित्राशेजारी तुम्ही दोघं, दुपट्यात गुंडाळलेली.

सुभेदार आठवड्याभरात येतील असं मला वाटलं होतं. आले ते पुष्कळ दिवसांनी, दाढी वाढलेली, सदऱ्याला इस्त्री नाही. मी चहा ठेवला. खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर, पण संगणकाकडे पाठ.

धाकटा अंगावरून वारं जाऊन पडला होता. कधीचाच. यांना कळवायला कुणी धजावलं नव्हतं. यांनी आधी घरात पाऊल टाकलं नाही. रानात जाऊन एकट्यानं बाभळीचे काटे उपसले, पेटवून दिले, वाटेवरचं गवत काढलं, आणि मग ओरखडलेल्या हातांनी भावाच्या खाटेशी जाऊन बसले.

"म्या म्हनलं, वाट मोकळी केलीया. त्यो म्हनला, मला आता कुठं जायचंय, दादा. पर बरं केलंस. पोरांना लय वळसा पडायचा."

चहा त्यांनी हातात तसाच धरून ठेवला होता.

"बांधाचं काय बोलला का?" मी विचारलं.

"त्यो न्हाई बोलला. मी बी न्हाई इचारलं. चार दिस नुस्ता बसलो बगा. त्याला भाकरी कुस्करून दिली दुधात." मग म्हणाले, "त्या वाटनं पयला त्योच गेला, बाई. माझ्या रानातनं. म्होरला खांदा माझा हुता."

त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला, कप खाली ठेवला, खुर्ची संगणकाकडे वळवली आणि मी समोर असूनही स्वयंपाकघराच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "सी मधनं जाऊ का, बाई?"

"सुभेदार," मी म्हटलं, "आता इतक्या वर्षांची वहिवाट झाली. विचारत जाऊ नका."

"इचारावं, बाई. इचारलं म्हंजे मानूस घरात हाय का न्हाई त्ये कळतं."

मी "जा" म्हटलं.

त्यानंतर त्यांनी काळ्या रेघेपलीकडचं पांढरं भरायला घेतलं. तिकडेही ऊस लावला, तोच हिरवा, एकेक पान. मधून मातीच्या रंगाची वाट काढली. ती पुन्हा पुन्हा पुसत आणि पुन्हा काढत. मी म्हणायची, छान झालीय की. ते म्हणायचे, "जरा रुंद पायजे. चौघं एका येळी चालली पायजेत."

चित्र पुरं झालं त्याच पावसाळ्यात संगणक सुरू व्हायचा थांबला. पोवई नाक्यावरून दुरुस्तीवाले गृहस्थ आले, बराच वेळ खटपट केली आणि म्हणाले की सी ड्राइव्ह संपूर्ण पुसून नव्यानं मांडावा लागेल, त्यातलं काही वाचणार नाही. माझी पत्रं, माझ्या आईच्या हातच्या पदार्थांच्या कृती, आजोबांबद्दल मी थोडं थोडं लिहीत होते ते, सगळं त्यात होतं. मी खुर्चीत बसले. तेवढ्यात भिंतीपलीकडून सुभेदार आले, आणि पहिल्यांदाच फाटकाची कडी न वाजवता आले. तुमच्या बाबाचा तिकडचा संगणक घर बदलताना पडून फुटल्याचं आणि तुमचे ते फोटो आता इथंच उरल्याचं मी त्यांना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं.

"पोरं कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे," मी म्हटलं.

दुरुस्तीवाल्यांचं काम होईपर्यंत ते उभे होते. मग बसले. बटण दाबायच्या आधी सवयीनं तोंड उघडलं, पण माझ्याकडे पाहून मिटलं. डी उघडला. एकेक फोटो उघडून, नीट पाहून, बंद करून पुढच्याकडे जात राहिले. ती पाहणी संपेपर्यंत माझ्या हातातला पदर पिळून निघाला होता. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"समदी हायत, बाई. हललेला बी हाय."

पुढं पुतण्यांनी त्यांना गावी नेलं. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली, आणि डी मधलं चित्र राहू देऊ का, असं विचारलं. काही वर्षांनी थोरला पुतण्या गुळाची ढेप घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा त्यानं न सांगताच मला कळलं. मी त्याला चहा दिला आणि वाटेचं विचारलं. "हाय की, बाई," तो म्हणाला. "आता ट्रॅक्टर जातूय तिकडनं. थोरल्या तात्यांना बी तिकडनंच नेलं."

पुढची खोली मी अजून रोज झाडते. दूध तापवून गॅस बंद केला की क्षणभर माझा कान फाटकाकडे जातो. तेवढ्यावर कामाला लागते.

तो संगणक कधीच भंगारात गेला. सी मधलं माझं काही उरलं नाही. डी मधलं मी आधीच उतरवून घेतलं होतं, ते सगळं आहे: तुमचे फोटो, त्यातला तो हललेला निनाद, आणि शेताचं एक चित्र, ज्यात काळ्या रेघेतून एक रुंद वाट आरपार जाते.